संकेतस्थळ ताब्यात घेण्यापूर्वी ते अंध माणसाकडून तपासून घ्यावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘अर्ज केवळ ऑनलाइन पद्धतीनेच स्वीकारले जातील’ हे वाक्य आपल्या दैनिकातील नोकरभरतीच्या आणि प्रवेशाच्या जवळजवळ प्रत्येक जाहिरातीच्या तळाशी असते. ज्यांना दिसते त्यांची त्यामुळे सोय झाली. रांग टळली, तालुक्याचे हेलपाटे वाचले. आम्हा अंधांची तर त्याहून मोठी सोय व्हायला हवी होती. कागदी अर्ज आम्हाला कधीच स्वतः भरता येत नसे. संगणकावरचा अर्ज मात्र, तो नीट बांधलेला असेल तर, आम्ही कुणाच्याही मदतीशिवाय भरू शकतो. हे ‘नीट बांधलेला असेल तर’ कुठे फसते आणि ते फसू नये म्हणून कार्यालयांनी नेमके काय करावे, हे सांगण्यासाठी मी लिहीत आहे. पत्र लांबले आहे याची मला जाणीव आहे. तरी शक्य झाल्यास ते पूर्ण छापावे, ही विनंती.

मी सांगलीतील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. रेटिनायटिस पिगमेंटोसा या आनुवंशिक आजाराने आधी मला रात्रीचे दिसेनासे झाले, मग नजरेचा आवाका कडेकडेने आकसत गेला आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी छापील अक्षर कायमचे सुटले. पुढे मी पुण्यात राहून संगणक नव्याने शिकले. गेली बारा वर्षे पाठांची तयारी, प्रश्नपत्रिका, बँकेचे व्यवहार आणि आपल्या दैनिकाचे वाचन हे सगळे मी स्क्रीन रीडरच्या, म्हणजे संगणकावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, आधाराने करते. हे पत्रही मी त्याच्याच आधाराने टंकले आहे.

गेल्या पावसाळ्यात माझा एक माजी विद्यार्थी घरी आला. तो जन्मापासून अंध आहे, पदवीधर आहे आणि माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने संगणक चालवतो. एका भरतीच्या अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले होते आणि दोन संध्याकाळी खर्चूनही त्याला अर्ज पुरा करता आला नव्हता. ‘बाई, माझंच काही चुकतंय का, ते तुम्ही बघा,’ असे तो म्हणाला. त्याचे काहीही चुकत नव्हते.

त्या दिवशी काय घडले हे समजण्यासाठी स्क्रीन रीडर कसा चालतो ते थोडक्यात सांगायला हवे. पडद्यावर दिसणारे चित्र त्याला दिसत नसते. पानामागे जो मजकूर आणि ज्या खुणा लिहिलेल्या असतात, त्या तो आवाजात वाचून दाखवतो. आम्ही माउस वापरत नाही, सारे काम कळफलकावर चालते. ‘एच’ ही कळ दाबली की पुढचे शीर्षक, ‘के’ दाबली की पुढची लिंक, ‘बी’ दाबली की पुढचे बटण, ‘टी’ दाबली की पुढचा तक्ता. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो तसे आम्ही या कळांनी पानावरून फिरतो. पण त्यासाठी पान बनवणाऱ्याने शीर्षकाला शीर्षक म्हणून आणि बटणाला बटण म्हणून खूण केलेली असावी लागते. अक्षरे नुसती मोठी आणि ठळक केली, तर डोळ्यांना ते शीर्षक वाटते. आमच्या दृष्टीने मात्र ती बाकीच्या ओळींसारखीच एक ओळ असते आणि ‘एच’ दाबून तिच्यापर्यंत पोहोचता येत नाही.

मी आणि तो, दोघेही एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरतो. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली तो लिहायला घेतला, जेम्स टेह हा त्याचा अंध सहकारी त्याला येऊन मिळाला, आणि तो आजतागायत विनामूल्य आहे. तोवर विंडोजवर चालणारा चांगला स्क्रीन रीडर विकत घ्यायचा तर हजारो रुपये मोजावे लागत आणि ते माझ्या विद्यार्थ्यासारख्या शेतकऱ्याच्या मुलाच्या आवाक्याबाहेरचे होते. साधन नाही, ही तक्रार आता उरलेली नाही. साधन आमच्या हातात आहे; ज्या पानावर ते चालवायचे, त्या पानातच खोट आहे.

आम्ही आधी जाहिरात उघडली. चौदा पानांची पीडीएफ होती आणि तिच्यातून एवढेच ऐकू आले: ‘रिकामा दस्तऐवज’. कुणीतरी ती जाहिरात संगणकावर टंकली होती, कागदावर छापली होती, तिच्यावर सही-शिक्का केला होता आणि मग त्या कागदांची छायाचित्रे काढून ती संकेतस्थळावर चढवली होती. टंकलेला मजकूर कार्यालयात कुठल्या तरी संगणकावर पडून होता, तोच चढवला असता तर आम्हाला अक्षर न् अक्षर वाचता आले असते. आम्ही ओसीआर, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणारी प्रणाली, लावून त्या छायाचित्रांतून मजकूर काढला, पण वयोमर्यादेच्या तक्त्यातील आकडे एकापाठोपाठ एक येऊ लागले आणि कुठला आकडा कुठल्या प्रवर्गाचा, हे काही केल्या उमगेना.

मग अर्ज उघडला. टॅब दाबत पुढे गेलो तर प्रत्येक रकान्यात तेच: ‘एडिट, ब्लँक’, ‘एडिट, ब्लँक’. म्हणजे येथे काहीतरी लिहायचे आहे आणि ते अजून लिहिलेले नाही. काय लिहायचे, हे कळण्याचा मार्ग नव्हता. पडद्यावर प्रत्येक रकान्याशेजारी ‘आडनाव’, ‘पिन कोड’, ‘आधार क्रमांक’ असे छापलेले होते, असे शेजारच्या मुलीने नंतर सांगितले. पण तो शब्द आणि तो रकाना एकमेकांचे आहेत हे पानामागच्या लिखाणात कुठेच नोंदलेले नव्हते. ही नोंद म्हणजे रकान्यामागे एक ओळ. आम्ही अंदाजाने, मागच्या-पुढच्या मजकुराचा धागा धरून, सगळे रकाने भरले. जन्मतारखेपाशी थांबलो, कारण ती टंकून चालत नव्हती. तेथे माउसने टिचकी मारल्यावरच उघडणारे कॅलेंडर होते. चुकलेले रकाने लाल होत होते, पण कोणता चुकला हे शब्दांत कुठेही सांगितले जात नव्हते.

कॅप्चाची, म्हणजे अर्ज भरणारा माणूसच आहे ना हे तपासण्यासाठी ओळखायला लावलेली, अक्षरे चित्रात होती आणि ती ऐकण्याची सोय नव्हती. शेजारच्या आठवीतल्या मुलीला बोलावले. तिने अक्षरे वाचली आणि जन्मतारीखही भरून दिली. शेवटी पानाच्या तळाशी दोन बटणे आली. दोन्हींचे नाव एकच होते: ‘बटण’. ती मुलगी तोवर घरी गेली होती. माझ्या विद्यार्थ्याने क्षणभर विचार करून पहिले दाबले. ते अर्ज पुसून टाकण्याचे बटण होते.

तो काही बोलला नाही. लॅपटॉप मिटला आणि दुसऱ्या दिवशी बसने तालुक्याच्या गावी जाऊन त्याने एका सेवा केंद्रातून अर्ज भरून घेतला. रांगेतल्या सात-आठ माणसांच्या देखत त्याला आपली जात, दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक, पासवर्ड आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मोठ्याने सांगावा लागला. ‘घरातले कुणीतरी भरून देईल की’ असे जे सहज म्हणतात, त्यांनी आपला पासवर्ड असा चारचौघांत उच्चारून पाहावा. अर्ज गेला, याचे समाधान त्या मुलाला वाटले नाही. ज्या नोकरीत संगणकावर काम करायचे होते, त्या नोकरीचा अर्जच आपल्याला संगणकावर भरता येऊ नये, हे त्याच्या मनाला लागले.

कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहिलेले नाही. एका कार्यालयाची चूक दाखवून हा प्रश्न सुटणार नाही, कारण तो जगभर पसरलेला आहे. अमेरिकेतील वेबएम ही संस्था दर वर्षी जगातील दहा लाख संकेतस्थळांची मुखपृष्ठे संगणकाकरवी तपासते. २०२५ च्या तपासणीत त्यांपैकी ९४.८ टक्के पानांवर सुगम्यतेच्या, म्हणजे दिव्यांगांनाही पान वापरता यावे यासाठी ठरलेल्या, निकषांचा कोठे ना कोठे भंग आढळला. पार्श्वभूमीत विरून जाणारी फिकट अक्षरे, वर्णन नसलेली चित्रे, नाव नसलेले रकाने, निनावी लिंक आणि निनावी बटणे हेच दोष त्यांच्या यादीत दर वर्षी वरच्या स्थानांवर असतात. यांतला फिकट अक्षरांचा दोष तर पूर्ण अंधांना जाणवतही नाही. तो बाधतो अल्पदृष्टी असलेल्यांना, आणि मोतीबिंदू झालेल्या तुमच्या-आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना. साध्या आकाराच्या मजकुराचा त्याच्या पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ इतका उठाव असावा, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे छापण्याची जी पद्धत पडली आहे, ती या निकषात बसत नाही.

मराठी पानांचे दुखणे मात्र याहूनही खोल आहे आणि त्याविषयी इंग्रजीतील मार्गदर्शिकांत काही सापडत नाही, म्हणून ते सविस्तर सांगते. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला संगणकात स्वतःची ओळख देणारी पद्धत, येण्यापूर्वी आपल्याकडे कृतिदेव, श्री-लिपी, शिवाजी असे निरनिराळे फॉन्ट चालत आणि कित्येक कार्यालयांत, छापखान्यांत ते अजूनही चालतात. या फॉन्टमध्ये पडद्यावर देवनागरी दिसते खरी, पण संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरेच असतात. कृतिदेवमध्ये टंकलेला ‘मराठी’ हा शब्द आत ई, जे, के, बी, एच या पाच रोमन अक्षरांचा असतो. डोळ्यांना ‘मराठी’ दिसते; माझा स्क्रीन रीडर मात्र त्या पाच अक्षरांचा जो काही उच्चार जमेल तो करून पुढे जातो. सबंध परिपत्रक असे ऐकू आले की ते कुठल्या भाषेत आहे हेसुद्धा कळत नाही. शोधयंत्रालाही तो मजकूर सापडत नाही, त्यामुळे डोळस नागरिकाचेही त्यात नुकसानच होते.

युनिकोड वापरले म्हणजे सारे निभावले असेही नाही. काही प्रणालींतून पीडीएफ तयार करताना अक्षरांचा क्रम बिघडतो: ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराच्या आधी जाऊन बसते, जोडाक्षरे फुटतात आणि ‘शिक्षण’ हा शब्द तुकड्यातुकड्यांनी ऐकू येतो. शिवाय पानाची भाषा कोणती, हे पानाच्या आरंभी नोंदवायचे असते; त्यावरून स्क्रीन रीडर मराठी, हिंदी किंवा इंग्रजी आवाज निवडतो. मराठी संकेतस्थळे पुष्कळदा इंग्रजी नमुन्यावर बेतलेली असतात आणि तेथे भाषेची नोंद इंग्रजीच राहून जाते. मग इंग्रजी आवाज देवनागरीपुढे गप्प बसतो किंवा भलतेच काही बोलतो. हिंदी अशी नोंद असेल तर हिंदी आवाज मराठी वाचतो: ‘चमचा’मधला च ‘चहा’तल्या चसारखा, ‘घरं’ आणि ‘मुलं’ नाकातून. मी भाषेची शिक्षिका असल्याने हे मला जास्त खुपते हे खरे. पण अंध मुले आज पाठ्यपुस्तके आणि बातम्या याच आवाजातून ऐकतात, त्यांच्या कानावर मराठी म्हणून जी भाषा पडते, ती ही आहे. ही नोंद दुरुस्त करायला एका पानाला अर्धा मिनिटही लागत नाही.

चित्रांबाबत एकच उदाहरण देते. सांगलीत पावसाळ्यात सगळ्यांचे लक्ष आयर्विन पुलाजवळच्या कृष्णेच्या पातळीकडे असते; ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ फुटांवर धोका पातळी. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी येणार की नाही, हे त्याच एका आकड्यावरून आम्ही ठरवत होतो. तो आकडा समाजमाध्यमांवर तासातासाला येत होता, पण रंगीत चौकटीतले चित्र म्हणून येत होता. माझ्या फोनवरून दर तासाला ऐकू यायचे ते ‘इमेज’ एवढेच. त्या चित्राखाली ‘सकाळी ९ वाजता पाणीपातळी अमुक फूट’ अशी ओळ कुणी टंकली असती, तर मला दर वेळी शेजाऱ्यांना हाक मारावी लागली नसती. त्यांच्याच घरात सामान माळ्यावर चढवण्याची घाई चालली होती.

कायदा काय म्हणतो, हेही पाहायला हवे. २०११ च्या जनगणनेत देशात दृष्टिदोष असलेल्या ५० लाखांहून अधिक व्यक्तींची नोंद झाली. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याच्या कलम ४२ नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर सुगम्य करण्याची जबाबदारी सरकारवर आहे, आणि कलम ४६ नुसार सेवा देणाऱ्या शासकीय तसेच खासगी संस्थांना त्यासाठी नियम अधिसूचित झाल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये अधिसूचित झाले. म्हणजे ती मुदत जून २०१९ मध्येच संपली. शासकीय संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १७८०२ हे मानकही आहे. नियमांची वानवा कधीच नव्हती.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मात्र येथे नोंदवलेच पाहिजेत. राजीव रतुरी यांच्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल देताना न्यायालयाने म्हटले, की सुगम्यतेचे नियम बंधनकारक असावेत हा अधिनियमाचा हेतू आहे, आणि केवळ शिफारशींच्या स्वरूपाची मार्गदर्शक तत्त्वे देणारा नियम १५ (१) त्याच्याशी विसंगत आहे. रतुरी स्वतः दृष्टिबाधित आहेत आणि त्यांनी ही याचिका २००५ साली दाखल केली होती. दुसरा निकाल ३० एप्रिल २०२५ चा. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून यांना डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती आणि ती केल्याशिवाय बँकेची ऑनलाइन ओळखपडताळणी पुढे सरकत नव्हती. त्यांची आणि अंध वकील अमर जैन यांची याचिका एकत्र ऐकून न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि वीस निर्देश दिले. त्यांत एक निर्देश असा आहे, की ॲप किंवा संकेतस्थळ घडवताना, तसेच त्यात नवी सोय आणताना, वापरकर्त्यांकडून जी चाचणी केली जाते, तीत अंध व्यक्तींना सहभागी करून घ्यावे.

माझे सगळे म्हणणे या एका निर्देशात आहे. आजवर सुगम्यता कशी सिद्ध होते, ते मी पाहिले आहे. पानाच्या वरच्या कोपऱ्यात अक्षर लहान-मोठे करण्याची आणि रंग पालटण्याची चार बटणे बसवली जातात, क्वचित व्हीलचेअरचे चिन्ह असलेले एक तयार साधन जोडले जाते आणि ‘हे संकेतस्थळ दिव्यांगस्नेही आहे’ असे तळाशी छापले जाते. अक्षर मोठे करण्याची सोय ब्राउझरमध्ये असतेच, आणि माझ्या कामाची ती नाही. निनावी बटणाला असल्या साधनाने भरवशाचे नाव मिळत नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये असले साधन विकणाऱ्या ॲक्सेसिबी या कंपनीवरील कारवाई जाहीर केली. आपले साधन कोणतेही संकेतस्थळ निकषांबरहुकूम करून देते, असा खोटा दावा केल्याचा आरोप तिच्यावर होता आणि प्रकरण मिटवताना तिला दहा लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे निविदा काढणाऱ्या अधिकाऱ्यांनी या प्रकरणाची माहिती अवश्य करून घ्यावी.

खर्चाचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो, म्हणून जुन्या पण बोलक्या प्रकरणाची आठवण करून देते. २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकचे संकेतस्थळ आपल्याला वाचता येत नाही, अशी तक्रार ब्रूस मॅग्वायर या अंध नागरिकाने ऑस्ट्रेलियाच्या मानवी हक्क आयोगाकडे केली. दुरुस्तीला एका माणसाचे वर्षभराहून अधिक काम लागेल आणि अवाढव्य खर्च येईल, असे आयोजक समितीचे म्हणणे होते. अनुभवी माणसांची छोटी तुकडी ते चार आठवड्यांत करू शकेल, असे तक्रारदाराच्या बाजूच्या तज्ज्ञांनी सांगितले. आयोगाने तक्रारदाराच्या बाजूने निर्णय दिला. समितीने दुरुस्ती पुरती केली नाही आणि तिला २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर भरपाई द्यावी लागली. बांधून झालेल्या घराला मागाहून दार पाडायचे म्हटले की खर्च येतोच. नकाशातच दार असेल तर त्याचा वेगळा हिशेब मांडावा लागत नाही.

म्हणून माझी मागणी अशी आहे. राज्यातील कोणत्याही शासकीय कार्यालयाने, विद्यापीठाने, महापालिकेने किंवा सहकारी बँकेने नवे संकेतस्थळ किंवा ॲप ताब्यात घेण्यापूर्वी, आणि कंत्राटदाराचे अखेरचे देयक मंजूर करण्यापूर्वी, किमान दोन अंध आणि एका अल्पदृष्टी व्यक्तीकडून ते वापरून घ्यावे. तपासणी सूचीवर खुणा करून काम भागवू नये. संकेतस्थळ ज्या कामासाठी आहे, ते काम त्या व्यक्तींनी आरंभापासून शेवटापर्यंत स्वतः करावे: जाहिरात वाचावी, अर्ज भरावा, कागदपत्रे जोडावीत, शुल्क भरावे, पोचपावती उतरवून घ्यावी. कळफलक आणि स्क्रीन रीडर एवढ्यावर, दुसऱ्याचे डोळे न वापरता, हे पार पडले तर काम स्वीकारावे. जेथे अडले तेथे काय अडले हे लिहून काढून कंत्राटदाराकडे परत पाठवावे. ही अट निविदेतच असावी, म्हणजे नंतर वाद उद्भवणार नाहीत. चाचणी करणाऱ्यांना रीतसर मानधन द्यावे, कारण हे कौशल्याचे काम आहे. संगणक येणारी आणि नोकरीच्या शोधात असलेली अंध मुले राज्यात पुष्कळ आहेत. स्वयंचलित तपासणी जरूर करावी, पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. चित्राला वर्णन आहे की नाही हे यंत्र सांगते. ‘फोटो १’ हे वर्णन चुकीचे आहे हे त्याला कळत नाही. जुन्या संकेतस्थळांसाठी एवढे जरी झाले, की यापुढे कोणतीही सूचना किंवा शासन निर्णय छायाचित्राच्या रूपात चढवायचा नाही, युनिकोडमधील मूळ मजकूर सोबत ठेवायचाच, तरी निम्मी वाट सरेल. सही-शिक्क्याची प्रत हवी असेल तर ती शेजारी ठेवावी.

कॅप्चाला पर्याय आहेत. ओटीपी मागवलेलाच असतो, त्यानंतर चित्रातील अक्षरे ओळखायला लावण्याचे प्रयोजन मला तरी समजलेले नाही. ओटीपीची मुदतही थोडी वाढवावी, कारण संदेश ऐकून, लक्षात ठेवून, परत पानावर येऊन रकाना शोधेपर्यंत आमचा वेळ जातो.

आता आपल्या दैनिकाविषयी. आपल्या संकेतस्थळावरील बातम्या युनिकोडमध्ये आहेत, त्यांची शीर्षके खुणा करून दिलेली आहेत आणि मी त्या रोज वाचते, हे कृतज्ञतेने नमूद करते. ई-पेपर मात्र सबंध पानाचे चित्र आहे, त्यामुळे संपादकीय पान आणि वाचकांची पत्रे, जी संकेतस्थळावर स्वतंत्रपणे येत नाहीत, ती मला मिळत नाहीत. म्हणजे हे पत्र आपण छापलेत, तरी ते छापून आलेले मला स्वतः वाचता येणार नाही. छायाचित्रांच्या जागी फाइलचा क्रमांक वाचला जातो. त्याऐवजी छायाचित्राची मूळ फोटोओळ तेथे भरावी, ती आपल्या वार्ताहराने लिहिलेलीच असते. आपोआप सुरू होणाऱ्या जाहिरातींच्या चित्रफिती स्क्रीन रीडरच्या आवाजावर आवाज चढवतात आणि त्या बंद करण्याचे बटण शोधताना बातमी हरवते. या तीन गोष्टी आपण केल्यात, तर इतर मराठी दैनिकांनाही त्या कराव्याशा वाटतील, अशी माझी खात्री आहे.

सांगली, मिरज आणि कोल्हापूर येथील आम्ही सहा जण, दोघे बँकेत आहेत, एक वकील आहेत, बाकीचे शिक्षक, अशी चाचणी करून देण्यास तयार आहोत. पहिल्या दोन कार्यालयांसाठी मानधनही घेणार नाही. आम्हाला लागेल तो एक संगणक, इंटरनेट आणि ते संकेतस्थळ ज्याने बनवले तो माणूस, शेजारच्या खुर्चीवर, संपूर्ण वेळ. त्याने पडद्याकडे न पाहता आमच्याबरोबर ऐकावे, एवढीच अट आहे. इच्छुक कार्यालयांनी आपल्या दैनिकामार्फत कळवावे. माझा पत्ता या पत्राच्या पाकिटावर आहे.

आपली विश्वासू,
एक अंध शिक्षिका, सांगली